चाळीस पावलांचा पूल उघडा : इंग्लंडातल्या आमच्या काउंटी काउन्सिलला खुलं पत्र

काउंटी काउन्सिलचे सन्माननीय सदस्य आणि सार्वजनिक वाटांचं काम पाहणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

हेच म्हणणं मी इंग्रजीत दोनदा लिहून पाठवलं. दोन्ही वेळा संदर्भ क्रमांक आला, ‘आपल्या भावना संबंधितांपर्यंत पोचवल्या आहेत’ असं आलं, आणि मग काहीच आलं नाही. म्हणून तिसऱ्यांदा माझ्या भाषेत लिहितेय. तुमच्या कचेरीत एखादं मराठी माणूस असेलच, आजकाल कुठे नसतं. त्याच्याकडून वाचून घ्या. खरं सांगायचं तर हे पत्र अर्धं तुम्हाला आहे आणि अर्धं आमच्याच मंडळींना. रविवारी डब्यात पोहे भरून त्या वाटेवर जाणारी आमची पंधरा-वीस घरं आहेत. त्यांतल्या एकाही घराने तुमच्या हरकतींच्या फॉर्मवर एक ओळ लिहिली नाही. ‘आपण बाहेरचे, आपण कशाला मधे पडा.’ काउन्सिल टॅक्सचे दहा हप्ते मात्र एप्रिल ते जानेवारी सगळ्यांचे बिनबोभाट जातात.

विषय तुम्हाला माहीत आहे. जुन्या रेल्वेलाइनवरची अकरा मैलांची वाट, आणि चौथ्या मैलावरचा नदीवरचा लोखंडी पूल, जो दोन हिवाळे बंद आहे. आणि आता या वर्षीच्या कामांच्या यादीतून त्याची दुरुस्ती तुम्ही वगळली आहे. कारण म्हणून चार शब्द लिहिलेत : ‘पर्यायी मार्ग उपलब्ध आहे.’

त्या चार शब्दांबद्दल बोलायचं आहे. त्याआधी, ज्यांनी ही वाट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं.

1963 साली इथल्या रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांनी एक अहवाल दिला. सुमारे पाच हजार मैल लोहमार्ग आणि 2,363 स्थानकं परवडत नाहीत, बंद करा, असं त्यात होतं. सगळं झालं नाही, पण बरंच झालं. आमची लाइन त्याच लाटेत गेली. रूळ उपटले, स्लीपर विकले, आणि शेतांमधून जाणारी खडीची एक लांबलचक पट्टी तेवढी उरली. पुढे काउन्सिलने ती घेतली, वर चुनखडीच्या दगडाचा कच पसरला, आणि चालणारे, घोडेवाले, सायकलवाले तिच्यावर आले. एकही मोटार नाही. आम्ही मराठी मंडळी तिला ‘रुळवाट’ म्हणतो.

अशा वाटेची खुबी अशी की ती इंजिनासाठी केलेली आहे. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून तेव्हाच्या मजुरांनी टेकडी आली तिथे खोदलं आणि सखल आलं तिथे भराव घातला. त्यांच्या घामावर आज पन्नाशीच्या पुढचे गुडघे सायकल चालवतात. (सगळीकडे असं नाही हं. डर्बीशायरच्या हाय पीक ट्रेलवर मिडलटनचा उतार आहे, साधारण आठास एक. तिथे डबे दोरखंडाने ओढायचे. मी तिथे सायकल हातात धरून चढले आणि वर जाऊन दहा मिनिटं बसून राहिले.)

हल्ली अशा खडी-मातीच्या वाटांवर सायकल चालवण्याला ‘ग्रॅव्हल’ असं झोकदार नाव मिळालंय. त्यासाठी वेगळी सायकल येते, रुंद टायरची, किंमत ऐकून घेरी येते. मला हसू येतं, कारण मी कराडची, आणि माझे वडील बांधकाम खात्यात मुकादम होते. त्यांच्या मागे मागे जाऊन मी लहानपणी जे रस्ते पाहिले ते सगळे ग्रॅव्हलच. मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मधे फुगवटा ठेवायचा म्हणजे पाणी दोन्ही बाजूंच्या चरात उतरतं. चर मोकळा राहिला तर रस्ता राहतो, हे वडील इतक्यांदा म्हणायचे की घरात आम्ही त्यांची नक्कल करायचो. तुमच्या वाटेचे चर मी पाहिले आहेत. त्यावर पुढे येते.

आता माझं काय अडलंय ते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला स्ट्रोक झाला. हात-पाय बऱ्यापैकी परत आले, पण डाव्या बाजूचं दिसणं गेलं. डोळे ठीक आहेत, मेंदू डावीकडचं चित्र घेत नाही. त्यामुळे मोटारीचं लायसन्स परत करावं लागलं. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस घरात खिडकीशी बसून राहिला. मग फिजिओथेरपिस्टबाईंनी तीनचाकी सायकल सुचवली. तोल सांभाळावा लागत नाही, पाय चालत राहतात. जुनी एक मिळाली, हिरव्या रंगाची, मागे टोपली असलेली. पहिल्या दिवशी आम्ही रुळवाटेवर गेलो तेव्हा तो जेमतेम पाव मैल गेला. पाव मैल हे मी अंदाजाने सांगत नाही. रेल्वेचे पाव-पाव मैलाचे जुने खांब त्या वाटेच्या कडेला अजून उभे आहेत, रंग उडालेले. फेब्रुवारीत एक खांब. मार्चमध्ये तीन. मी नेहमी त्याच्या डाव्या बाजूला, त्याला न दिसणारी बाजू धरून. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो अकरा मैल जाऊन शेवटच्या जुन्या स्थानकातल्या चहाच्या खोलीत पोचला आणि दोन स्कोन एकट्याने खाल्ले. डॉक्टरांच्या कोणत्याही कागदापेक्षा मला ते खांब खरे वाटतात.

त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी पूल बंद झाला.

सोळाव्या खांबापाशी आता जाळीचं कुंपण आहे. त्याला निळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी एक लॅमिनेट केलेला कागद बांधलाय. आत पाणी शिरून शाई पसरली आहे. ‘तात्पुरते बंद’ एवढं वाचता येतं. खाली ‘या तारखेपर्यंत’ असं छापलंय आणि पुढे जागा सोडली आहे. ती पुसली गेली असेल असं मला वाटलं होतं. जवळ जाऊन, चष्मा लावून पाहिलं. तिथे कधी काही लिहिलंच नव्हतं.

पूल अलीकडून पलीकडे चाळीस पावलांचा. तुमच्याच पाहणी अहवालात दोन आडवे गर्डर गंजले आहेत, बाकीचा सांगाडा ठीक आहे, असं म्हटलंय. तेव्हा तुमच्या हिशोबात चाळीस पावलं बंद आहेत. आमच्या हिशोबात वाटच बंद आहे. नळाची पाइप मधे एक फूट काढून घेतली तर उरलेली शंभर फूट पाइप शाबूत आहे असं कोणी म्हणत नाही.

तर तुमच्या ‘पर्यायी मार्गा’बद्दल. तो तीन मैलांचा आहे, दोन पदरी, दोन्हीकडे उंच कुंपणाची झाडी, पदपथ नाही, आणि वेगमर्यादा ताशी 60 मैल. सुधारलेल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या रहदारीच्या नियमपुस्तकात, 2022 पासून लिहिलंय की सायकलवाल्याला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडा, वेग जास्त असेल तर आणखी सोडा. त्या रस्त्यावर दीड मीटर सोडायचं तर समोरच्या पदरात जावं लागतं, आणि वळणापलीकडून काय येतंय ते कोणालाच दिसत नाही. ज्याला डावीकडून येणारी वाहनं दिसतच नाहीत त्याला घेऊन मी तिथे जावं, असं तुम्ही छापील कागदावर सुचवताय. ग्रॅव्हलवाल्या तरुण पोरांना तो रस्ता चालेल. ती पोरं तशीही कुठूनही जातात. पण मोटारींपासून दूर असलेली वाट ज्यांच्यासाठी चैन नसून गरज आहे, त्यांना तुमचा पर्याय हा पर्याय नाही. देशभरच्या सायकलमार्गांचं जाळं ज्यांनी विणलं त्या सस्ट्रान्स संस्थेने 2020 साली आपल्याच नकाशातून जवळजवळ चौथा हिस्सा राष्ट्रीय मार्ग म्हणून काढून टाकला, कारण ते रस्ते वाहनांनी इतके भरलेले की कुटुंबांना तिथे पाठवणं बरं नाही, असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं लावलेल्या पाट्या उतरवण्याचा कमीपणा त्यांनी घेतला. तुम्ही उलट त्याच तऱ्हेच्या रस्त्यावर नवी पाटी लावलीत.

दुसरी गोष्ट जरा कायद्याची, पण आमच्या मंडळींनी ही नीट वाचावी, कारण मलाही गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती. इंग्लंडात वाट ही नुसती वाट नसते, तिला जात असते. पाऊलवाटेवर चालण्याचा हक्क. ब्रायडलवेवर चालण्याचा, घोड्याचा, आणि 1968 च्या कायद्यापासून सायकलचाही. अशा नोंदलेल्या वाटांपैकी सायकलला मोकळ्या असलेल्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरतात. आणि तिसरी जात म्हणजे मालकाच्या मेहेरबानीची वाट : तो जाऊ देतो म्हणून तुम्ही जाता. आमची रुळवाट या तिसऱ्या जातीची आहे. मालक कोण, तर काउन्सिल. म्हणजे जी संस्था लोकांचे वाटेचे हक्क राखायला बसवली आहे, तिनेच स्वतःच्या जमिनीवर लोकांना हक्क दिलेला नाही, फक्त परवानगी दिली आहे.

याने फरक काय पडतो? ही वाट ब्रायडलवे असती तर तात्पुरती बंद करायला रीतसर आदेश काढावा लागला असता. तो सहा महिने चालतो, आणि पुढे वाढवायचा तर केंद्रातल्या मंत्र्यांची संमती लागते. तारखेची जागा कोरी ठेवता आली नसती. एरवी लोक वीस वर्षं बिनविरोध एखादी वाट वापरत असले तर 1980 च्या हायवेज कायद्याने हक्क सांगता येतो. पण आपल्या वाटेच्या दोन्ही टोकांना, फाटकाच्या खालच्या आडव्या पट्टीवर, तळहाताएवढी एक पितळी पाटी आहे : ‘मालकाच्या परवानगीने’. त्या तीन-चार शब्दांनी वीस काय, चाळीस वर्षंही वाया जातात. मी त्या पाटीवर कितीदा सायकल टेकवून पाणी प्यायले असेन. कधी वाचली नाही.

तिसरी तक्रार मोजून आणली आहे. प्रत्येक रस्ता जिथे रुळवाटेला छेदतो तिथे तुम्ही इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचे लोखंडी अडथळे बसवलेत, मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून. शिवणाच्या डब्यातली टेप नेऊन मी फट मोजली : हँडलच्या उंचीवर 58 सेंटीमीटर. नवऱ्याची तीनचाकी मागे 76. म्हणून दर फाटकाला तो उतरतो, मी सायकल आडवी करते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यातलं कोणीतरी दुसरं टोक धरतं. लोक चांगले आहेत, नेहमी धरतात. पण सात फाटकं आहेत. जाताना सात, येताना सात. सरकारच्या 2020 च्या सायकलमार्गांच्या मार्गदर्शक तत्त्वांत 1.2 मीटर रुंद सायकल धरून आखणी करा, आणि खांबांमधली मोकळी जागा दीड मीटर ठेवा, असं स्पष्ट आहे. आणि ज्यांच्यासाठी हे लोखंड बसवलं ते? ऑगस्टमध्ये माझ्या डोळ्यांदेखत एका पोराने आपली मोटारसायकल तिरकी करून, आधी हँडल मग बूड, अर्ध्या मिनिटात पार केली. आम्हाला ‘गुड आफ्टरनून’ म्हणून गेला.

चौथं थोडक्यात, चरांचं. कचाखालची रेल्वेची मूळ खडी पाणी छान सोडते, पण कडेचे चर पानांनी बुजलेत, त्यामुळे टेकडी खोदून वाट नेली आहे अशा दोन ठिकाणी नोव्हेंबरपासून घोटाभर पाणी असतं आणि वरचा कच वाहून जातो. आणि हिवाळ्यात यंत्राने कुंपणाची झाडी छाटल्यावर ब्लॅकथॉर्नचे काटे तसेच वाटेवर सोडले जातात. आमच्याकडच्या बाभळीला लाजवतील असे काटे. एका सकाळी आमच्या पाच सायकलींत मिळून नऊ पंक्चर निघाली. माणूस, झाडू आणि अर्धा दिवस, एवढंच काम आहे.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. म्हाताऱ्या माणसांची देखभाल आणि अडचणीतली मुलं यांवर तुमच्या तिजोरीतला पैसा कसा जातो ते मी हॉस्पिटलात नोकरी करते म्हणून रोज बघते. त्या खर्चातून पुलाला द्या असं म्हणायची माझी छाती नाही. शिवाय सायकलवाल्यांबद्दलच्या ज्या तक्रारी तुमच्याकडे येतात त्यांतल्या निम्म्या खऱ्या आहेत. मागून वाऱ्यासारखे येतात, घंटी नाही, हाक नाही, घोडा बिथरतो. 1968 च्या त्याच कायद्यात, ब्रायडलवेवर सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी, असंही आहे. आमच्या गटात आता प्रत्येकाला घंटी सक्तीची आहे, आणि घोडा दिसला की लांबूनच मोठ्याने बोलायचं, म्हणजे येतंय ते माणूस आहे हे त्याला कळतं. कोणती भाषा चालते हे घोड्याला विचारलेलं नाही. मराठीने तरी आजवर काही बिघडलं नाही.

पण पैसा नाही म्हणून कुलूप, हे उत्तर आधी कुठेतरी दिलं गेलंय आणि ते चुकलंय. पीक डिस्ट्रिक्टमधली मोन्सल ट्रेल बघा. तिथली लाइन 1968 साली बंद झाली, 1981 मध्ये वाट उघडली, पण चार बोगदे धोकादायक म्हणून तीस वर्षं बंदच राहिले. दर बोगद्याला लोकांनी डोंगराच्या अंगाने, दगडांवरून वळसा घालायचा. तिथेही पर्यायी मार्ग उपलब्धच होता! 2011 मध्ये बोगदे दुरुस्त करून, आत दिवे लावून उघडले. आज तिथे आठ-साडेआठ मैल चाकांच्या खुर्च्या, बाबागाड्या, तीनचाकी सायकली सरळ जातात. गेल्या मे महिन्यात मी नवऱ्याला तिथे नेलं होतं. पहिल्या बोगद्यात शिरताना तो थांबला, आणि मला वाटलं घाबरला. तो दिवे मोजत होता. घरापासून गाडीने दोन तास लांब जाऊन तीनचाकी चालवावी लागते, आणि घरापासून पाच मिनिटांवर वाट आहे, याचा राग मला त्या बोगद्यात पहिल्यांदा नीट आला.

आणि एक भीती. 2021 मध्ये कंब्रियातल्या ग्रेट मस्ग्रेव्ह गावचा जुना रेल्वेपूल सुरक्षेचं कारण देऊन खाली भर टाकून, वर काँक्रीट ओतून पुरला होता. परवानगी नंतर मागितली गेली, तिथल्या काउन्सिलने ती नाकारली, आणि 2023 मध्ये सगळी भर पुन्हा उकरून काढावी लागली. पुरायला पैसे आणि उकरायलाही पैसे. आमचा पूल पुरता येणार नाही, खाली नदी आहे. पण गंजू देऊन एक दिवस ‘आता पाडण्यावाचून इलाज नाही’ म्हणता येतं. त्यासाठी कोणाला काहीच करावं लागत नाही, हेच मला खटकतंय.

मागणं असं आहे.

दोन गर्डर बदलण्याचं काम यादीत परत घ्या आणि त्या कोऱ्या जागेत तारीख लिहा. लांबची असली तरी चालेल, पण लिहा. पूल उघडेपर्यंत तुमच्या त्या तीन मैलांच्या रस्त्यावर वेगमर्यादा 40 करा. संपूर्ण अकरा मैलांची नोंद ब्रायडलवे म्हणून कायमची करा. जमीन तुमची, शेजाऱ्यांची संमती मागायची नाही, खर्च बहुतेक कागदाचा. सात फाटकांतली फट दीड मीटर करा, आणि सगळी एकदम जमत नसतील तर गावाजवळच्या दोनपासून सुरुवात करा. चर पानगळ संपल्यावर वर्षातून एकदा. काटे छाटणी झाली त्याच दिवशी. डांबर मागत नाही. चाकाच्या खुर्चीवाल्यांचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांना विचारा आणि त्यांचं ऐका. मला नीट दाबलेला मुरूम पुरतो.

आणि आमच्या मंडळींनो, हरकतींचा फॉर्म अजून खुला आहे. त्यात ‘आपला या वाटेशी संबंध काय’ असा रकाना आहे. ‘वापरते’ एवढं लिहिलं तरी चालतं.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही सोळाव्या खांबापाशी, कुंपणाच्या अलीकडे असू. सन्माननीय सदस्यांपैकी निदान एकाने सायकल घेऊन यावं, आणि तुमच्याच पर्यायी मार्गाने पुलाच्या पलीकडच्या कुंपणापर्यंत जाऊन तिथून आम्हाला हात दाखवावा. नदी अरुंद आहे, ओळखू येईल. नवरा मोजणार आहे, किती मिनिटं लागतात ते. थर्मासमधला चहा तुम्ही परत येईपर्यंत गरम राहील.

कळावे,

आपल्याच काउंटीतली एक रहिवासी